लेक इंग्लंडमध्ये नर्स, नातू माझ्याकडे पुण्यात. अठरा पूर्ण व्हायच्या आत डिपेंडंट (आईवर अवलंबून मुलाचा) व्हिसा कसा करावा?

आजी_कर्वेनगर

नमस्कार. मला व्हिसातलं काही कळत नाही असं धरून उत्तर द्या. पण बँकेत नोकरी करून निवृत्त झाले आहे, कागद वाचता येतात. तेव्हा "आजी, काळजी करू नका" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या.

माझी लेक इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. २०२१ मध्ये गेली. तेव्हापासून नातू माझ्याकडे, कर्वेनगरला. बारावी सायन्सला आहे आणि येत्या २८ जानेवारीला त्याला अठरा पूर्ण होतात.

लेकीचा घटस्फोट तो पहिलीत असताना झाला, इथेच शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात, दोघांच्या संमतीने. मुलाचा ताबा लेकीकडे. जावई (माजी म्हणायला हवं, पण तोंडात तेच बसलंय) नाशिकला असतात, दुसरा संसार आहे. दिवाळीत फोन करतात, मे महिन्यात एखादी चक्कर मारतात, पोराला मिसळ खायला घालतात आणि जातात. भांडण नाही. पैसेही नाहीत.

"इतकी वर्षं का नेलं नाही?" असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. गेल्या गेल्या तिची ती ओएससीईची, म्हणजे तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठीची परीक्षा, मग चौघी नर्स मिळून एका घरात, त्यात रात्रपाळ्या. तिचं बस्तान बसेपर्यंत याची दहावी आली. मग यालाच मित्र सोडवेनात. आता गणपती झाल्यावर स्वतःहून म्हणाला, आईकडे जायचं.

एका सल्लागाराकडे जाऊन आलो. त्याचं म्हणणं, ताबा आईकडे आहे म्हणजे काम झालंच समजा. मग फाइल चाळताना शाळेचे कागद पाहिले आणि एकदम गप्प झाला. कारण पालकाची सही सगळीकडे माझी. प्रगतिपुस्तकावर माझी, सहलीच्या संमतिपत्रावर माझी, दातांना तारा बसवल्या त्या फॉर्मवर माझी. म्हणाला, "हे लावायचंच नाही. आजी फाइलमध्ये दिसताच कामा नये." मला ते पटलं नाही. मी दिसायची नाही, तर मुलगा चार वर्षं राहिला कुठे?

तर विचारायचं आहे ते असं. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, मग अर्ज कधी करायचा? माझ्या सह्यांचं काय करायचं? आणि जावयांकडून काय लिहून घ्यायचं?

---

कोथरूड_डेपो

एवढी धावपळ कशाला? बारावी होऊ द्या, नंतर स्टुडंट व्हिसावर जाईल. माझा भाचा तसाच गेला.

---

आजी_कर्वेनगर

भाच्याची फी कुणी भरली तेही लिहा.

---

कोथरूड_डेपो

बहिणीने फ्लॅट गहाण टाकला. हो, तेवढं आहे खरं.

---

लीड्सची_धनकवडीकर

काकू, मीही नर्स. मुलीला पुण्याहून आणलं, तेही एकटी आई म्हणून. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी बरी बातमी. तुमची लेक रजिस्टर्ड नर्स आहे, म्हणजे तिचा व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा असणार. त्यावर नर्सला मूल आणता येतं. हेल्थ सरचार्जही (इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार) भरावा लागत नाही. बाकीच्या नोकऱ्यांत मुलामागे वर्षाला ७७६ पौंड जातात, ते तुमचे वाचले. अर्जाची फी एप्रिल २०२५ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला ३०४ पौंड होती. मुलासाठी ३१५ पौंड २८ दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवायचं, किंवा तिच्या ट्रस्टने, म्हणजे तिचं हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेने, तशी हमी द्यायची. भारतातून जाताना टीबीची तपासणी लागते, ती ब्रिटिश सरकारच्या यादीतल्याच क्लिनिकमध्ये करायची. घराजवळच्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं.

आता वयाचं. अर्जाच्या तारखेला मुलगा अठराच्या आत हवा. निकाल लागेपर्यंत अठरा उलटली तरी चालतं, प्रवास त्यानंतर केला तरी चालतं. एकदा डिपेंडंट मूल म्हणून व्हिसा मिळाला की पुढची मुदतवाढ अठरानंतरही मिळू शकते. पण पहिला अर्ज अठरा पूर्ण झाल्यावर केलात तर हे दार बंद, मग कोथरूडकरांच्या भाच्याचा रस्ता.

खरी गोम पुढे आहे. आई आणि वडील दोघंही इंग्लंडमध्ये आहेत किंवा दोघंही येताहेत, असं हा नियम धरून चालतो. एकच पालक तिथे असेल तर तीनपैकी काहीतरी दाखवावं लागतं. दुसरा पालक हयात नाही, किंवा मुलाला वाढवण्याची संपूर्ण जबाबदारी या एकाच पालकाची आहे, किंवा मुलाला प्रवेश द्यायलाच हवा असं काही गंभीर कारण आहे. तुमची केस मधली, 'सोल रिस्पॉन्सिबिलिटी'ची. आणि इथे कोर्टाचा ताबा हा फक्त एक कागद असतो. ताबा कुणाकडे यापेक्षा निर्णय कोण घेतं, हे ते बघतात. शाळा कुठली, विषय कुठले, ऑपरेशन करायचं का, पैसे कोण देतं.

तुमच्या सह्यांचं उत्तरही यातच आहे. तिथल्या इमिग्रेशन ट्रायब्युनलचा २००६ चा एक निकाल आहे, वकील लोक त्याला 'टीडी येमेन' म्हणतात, आजही तोच लावतात. त्यात स्पष्ट आहे की पालक परदेशात असेल तर रोजचं सांभाळणं नातेवाइकांकडे असणारच. त्याने जबाबदारी जात नाही. मोठ्या निर्णयांचा लगाम मात्र सतत त्या पालकाच्याच हातात हवा. म्हणजे आजी दिसली म्हणून अर्ज पडत नाही. आजीच सगळं ठरवते असं दिसलं तर पडतो.

तेव्हा सह्या लपवू नका. सल्लागाराचं ऐकून काही दडवलं किंवा खोटं लिहिलं आणि ते उघडं पडलं, तर अर्ज जातोच, वर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ती सल्लागारावर येत नाही, मुलावर येते.

सही तुमची, पण ठरवलं कुणी, याचे पुरावे शोधा. कॉलेजच्या आणि क्लासच्या फीचे पैसे लेकीच्या खात्यातून आले असतील, ती स्टेटमेंटं काढा. अकरावीला कुठलं कॉलेज भरायचं यावर तुमचं तिघांचं व्हॉट्सअॅपवर काथ्याकूट झालं असणार, ते तारखेसकट ठेवा. तारांसाठी डॉक्टरांनी तिला व्हिडिओ कॉलवर समजावलं असेल तर डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या. वर्गशिक्षकांना तिने मेल केले असतील तर सोन्याहून पिवळं. आणि तुमचं स्वतःचं पत्र लावा, मी काय बघते आणि ती काय ठरवते ते स्वच्छ सांगणारं. माझ्या आईचं पत्र मी लावलं होतं. मंजुरी देताना कारणं सांगत नाहीत, त्यामुळे माझ्या अर्जात नेमकं काय कामी आलं ते मला आजतागायत माहीत नाही.

जावयांचं. वर्षातून एकदा मिसळ खायला नेणं म्हणजे जबाबदारी वाटून घेणं नव्हे. पण विषय निवडताना त्यांचा सल्ला घेतला, प्रवेशासाठी त्यांनी खटपट केली, असं काही असेल तर अवघड होतं. दोन्ही पालक वाढवण्यात सामील असतील तर एकाचीच जबाबदारी मानायला ते सहसा तयार होत नाहीत. त्यांच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या. मुलाने आईकडे जायला हरकत नाही ही एक, आणि घटस्फोटानंतर शिक्षण, तब्येत, पैसे यांतले निर्णय आईच घेत आली आहे ही दुसरी. नुसती ना-हरकत अर्धवट पडते. त्यावरून उलट असा प्रश्न येतो की यांची परवानगी लागते म्हणजे यांचाही शब्द चालतो का?

तारखेचं मात्र नीट बघा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणून मार्चचा प्रवास दाखवून डिसेंबरच्या मध्यात अर्ज, असा हिशेब कुणीही घालेल. साधारण तीन आठवड्यांत उत्तर येतं, पण गुंतागुंतीची केस असली की लांबतं. समजा जानेवारीच्या शेवटी नकार आला आणि वाढदिवस होऊन गेला? नकारावर फेरतपासणी मागायला २८ दिवस मिळतात. पण त्यात अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला का एवढंच पाहतात, राहिलेला कागद नव्याने जोडता येत नाही. आणि नवा अर्ज करायला वय उरलेलं नसतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर ऑक्टोबरअखेर अर्ज टाकला असता आणि नाताळच्या सुमाराचा प्रवास दाखवला असता. माझ्या मुलीच्या पासपोर्टवर ९० दिवसांचा स्टिकर होता, तेवढ्यात पहिला प्रवेश करायचा होता. पुढचं सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर. नातवाने नाताळात आठवडाभर आईकडे जायचं, परत येऊन प्रॅक्टिकल आणि लेखी द्यायची, आणि मग कायमचं जायचं. विमानाचं भाडं जास्तीचं पडेल. पण नकार आलाच तर दुसऱ्या अर्जाला दोन महिने हातात राहतात.

---

आजी_कर्वेनगर

एवढं सविस्तर लिहिलंत, फार बरं वाटलं. पण डिसेंबरात? बारावीच्या डिसेंबरात मुलाला विमानात बसवायचं? क्लासवाले पूर्वपरीक्षेच्या तारखा हातात घेऊन दारात उभे राहतील. शेजारच्यांच्या घरी तर जूनपासून टीव्हीवर चादर आहे.

आणि ते पत्राचं. वाईट वाटून घेऊ नका, पण म्हातारपणी चार वर्षं पोर सांभाळायचं आणि शेवटी "मी काही ठरवत नाही" असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, हे जरा घशाखाली उतरायला वेळ लागेल.

---

लीड्सची_धनकवडीकर

माझी आईही तशीच म्हणाली होती. एक दिवस बोलली नाही.

काकू, पत्रात तुमचं कमी करायचं नाहीये. सांभाळलंय ते भरभरून लिहा. फक्त दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवा.

डिसेंबरचं तुम्ही तिघं मिळून ठरवा. आठवडाभराने बारावी बुडत नाही असं माझं मत, आणि मी काही क्लासवाली नाही.

अजून एक, आत्ताच कानावर घालते. इथे आल्यावर विद्यापीठाची फी त्याला परदेशी विद्यार्थ्याचीच पडेल. स्थानिक दर आणि सरकारी कर्ज मिळायला त्याला स्वतःला कायम वास्तव्याचा परवाना आणि आधीची तीन वर्षं इथलं राहणं लागतं. व्हिसा मिळाला की शिक्षण स्वस्त झालं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पण नोकरी करता येते. माझ्या ओळखीतली काही मुलं आधी काम धरतात आणि डिग्रीचं नंतर बघतात. हे लेकीशी बोलून घ्या, नाहीतर तिकडे गेल्यावर मायलेकांत वाजेल.

---

काळा_कोट_शिवाजीनगर

आजी, मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करतो. इंग्लंडचं वरच्या ताईंनी सांगितलंय, त्यात मी पडत नाही. इथल्या बाजूचं एक कुणी बोललं नाही.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला जोडलेल्या संमतीच्या अटी काढून शब्द न् शब्द वाचा. बहुतेकांकडे फक्त शेवटचं पान असतं. मुलाच्या ताब्याच्या कलमाखाली पुष्कळदा एक ओळ असते: वडिलांच्या लेखी संमतीशिवाय, किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय, मुलाला देशाबाहेर नेणार नाही. तेव्हा कुणी लक्ष देत नाही, कारण मूल सहा वर्षांचं असतं आणि परदेशाचा विषयच नसतो. वडिलांची संमती पुरेशी असेल तर नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या. कोर्टाची परवानगी लिहिलेली असेल तर अर्ज आत्ताच टाकावा लागेल, कारण मध्ये दिवाळीची सुट्टी येते. वडिलांनी सोबतच हरकत नसल्याचं म्हणणं दाखल केलं तर फारसं अडत नाही. अठरा झाल्यावर ही अट राहत नाही, पण तुम्हाला तर त्याआधीच न्यायचंय. नक्कल सर्टिफाइडच काढा, झेरॉक्सवर शिक्का मारून आणलेली नको.

पासपोर्टची मुदतही बघून ठेवा. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांतलं जे आधी येईल तेवढाच असतो. २०२१ च्या आसपास काढला असेल तर संपत आला असणार. एकट्या पालकाच्या संमतीवर नूतनीकरण होतं, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आहे. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रावर जाताना हुकूमनामा सोबत ठेवा. कुणीतरी "वडिलांची सही आणा" म्हणतंच. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडिलांचं नाव आधी आणि आईचं 'त्यांच्यानंतर' असं छापलंय, त्याचा हा परिणाम. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात त्याचा अर्थ मोकळा केला, वडील हयात असले तरी लक्ष देत नसतील तर आई पालक ठरू शकते, तरी खिडकीपर्यंत तो पोचायला वेळ लागतो.

---

हडपसर_गाडीतळ

आजी, तुमची लेक नर्स आहे म्हणून हे सगळं बोलणं तरी होतंय. माझी बायको केअर होममध्ये केअर वर्कर म्हणून गेली. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करना नवरा-मुलांना नेणं बंद केलं. ती त्याच्या नंतर गेली. एजंटने पैसे घेताना "सहा महिन्यांत सगळे तिकडे" असं सांगितलेलं. दोन्ही पोरी माझ्याजवळ आहेत. काम तेच, म्हातारी माणसं उचलायची, पुसायची. कागदावर पद वेगळं, म्हणून नियम वेगळा. तुम्हाला दार उघडं आहे तर जानेवारीची वाट बघू नका.

---

आजी_कर्वेनगर

हडपसरकर, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. पोरी केवढ्या आहेत? लेकीला विचारते, तिच्या हॉस्पिटलात केअरचं काम करणाऱ्यांना पुढे वरच्या पदावर जायची काही सोय आहे का ते. मिळालं तर इथेच लिहीन.

वकीलसाहेब, कपाटातून काढलं. तुम्ही म्हणालात तीच ओळ आहे, पण फक्त वडिलांच्या लेखी संमतीची. कोर्टाचं नाव नाही. जावयांना फोन केला. आधी म्हणाले, एवढ्या लांब कशाला. मग म्हणाले, पाठवा मसुदा, सही करतो. निर्णय सगळे आईने घेतले असं लिहायचंय, हे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प होते. "खरंच आहे ते," म्हणाले. पासपोर्ट वाढदिवसापर्यंतच आहे, नूतनीकरण करून घेते.

डिसेंबरला नातू लगेच तयार झाला, त्यात नवल नाही. लेकही तयार. म्हणजे पुन्हा माझं कुणी ऐकलं नाही.

पत्र लिहिलंय. धनकवडीकर, तुम्ही बघा.

"मी या मुलाची आईची आई, वय ६९, निवृत्त बँक कर्मचारी. २०२१ पासून तो माझ्या घरी राहतो. त्याचं जेवणखाण, डबा, कपडे, आजारपण मी बघते. शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सह्या मी केल्या, कारण सही करायला हजर मीच होते. शाळा, विषय, क्लास आणि खर्च त्याची आई ठरवते व पैसे ती पाठवते. २०२३ मध्ये त्याला टायफॉइड झाला तेव्हा रात्री त्याला दवाखान्यात मी दाखल केलं. आई तेव्हा ड्यूटीवर होती. सकाळी तिने डॉक्टरांशी फोनवर बोलून पुढचे उपचार ठरवले. दातांना तारा बसवण्याची गरज नाही असं माझं मत होतं, तरी बसवल्या. अकरावीला त्याने सायन्स घेऊ नये, कॉमर्स घ्यावं, असंही माझं स्पष्ट मत होतं. मी ते दोघांनाही सांगितलं. त्याने सायन्स घेतलं, कारण आई हो म्हणाली."

शेवटची तीन वाक्यं काढू का? रागाने लिहिल्यासारखी वाटतात.

---

लीड्सची_धनकवडीकर

अजिबात काढू नका! तीच वर घ्या, पैशांच्या वाक्यानंतर लगेच. आईने आजीचं मत डावलून निर्णय घेतला, हे खुद्द आजी लिहून देतेय. असा पुरावा माझ्याकडेही नव्हता. कॉमर्सवरून झालेल्या वादाचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर पत्राला जोडा, तुमचेही आणि तिचेही.

टायफॉइडचंही तसंच ठेवा. डिस्चार्ज कार्ड असेल तर लावा.

---

आजी_कर्वेनगर

मेसेज आहेत. माझे जरा लांब लांब आहेत. हे पत्र इंग्रजीत लिहू की असंच मराठीत?

---

लीड्सची_धनकवडीकर

मराठीतच असू द्या, तुमची सही, तारीख, पत्ता, फोन आणि आधारची प्रत. सोबत इंग्रजी भाषांतर लावा. त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं विधान हवं आणि भाषांतरकाराचं नाव, संपर्क, सही आणि तारीख. भाषांतर लेकीने किंवा नातवाने करायचं नाही, बाहेरच्याकडून करून घ्या. मराठी मेसेजचंही तसंच. लांब असतील तर पैसे शब्दांवर लागतात, तेव्हा कामाचे तेवढेच निवडा.